मुलीकडचा पाचवा

माझं तोंड वाईट आहे, हे घरचे मला पहिल्यापासून सांगत आलेत. बोटं त्याहून वाईट आहेत, हे मात्र हातात फोन आल्यावर कळलं.

निपाणीत स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वाढदिवस, श्रद्धांजली, उद्घाटन, सगळं छापतो. मराठीत आणि कन्नडातही. सीमेचा प्रश्न पेटला की मशीनला उसंत नसते. सकाळी मराठीवाले येतात, दुपारी कन्नडवाले, आणि दोघांच्याही घोषणा मीच तपासून देतो, कारण चूक राहिली तर शिव्या मलाच. भांडण वेगळं, धंदा वेगळा. दुकानात भावकूसारखा गरीब माणूस शोधून सापडायचा नाही.

पण फोनवर मी भावकू नव्हतो. फोनवर मी ‘सीमेचा वाघ’ होतो. वाघाचा फोटो लावलेला, खाली आगीचं चित्र. हे बायकोला माहीत नव्हतं, पोरीला माहीत नव्हतं. मशीन घरघरत फ्लेक्स ओकत असायचं आणि मी स्टुलावर बसून महाराष्ट्राची बाजू लढवत असायचो.

समोर होता ‘गडीनाडू हुली’. गडीनाडू म्हणजे सीमाभाग आणि हुली म्हणजे वाघच. म्हणजे बघा, वाघाचं वाघाशी भांडण, आणि तोंड दोघांचंही कुणी बघितलेलं नाही! आठ महिने आम्ही जुंपलो होतो. तो कन्नडात लिहायचा, मी मराठीत. भाषांतराचं बटण दोघांनीही कधी दाबलं नाही, गरजच नव्हती. बेळगावात बसला काळं फासलं त्यावर भांडलो, दुकानांच्या पाट्यांवर भांडलो, धरणाच्या पाण्यावर भांडलो. काहीच नव्हतं त्या दिवशी बेळगावचा कुंदा नेमका कुणाचा यावर भांडलो. त्यात त्यानं माझा असा काही बाजार उठवला की दोन दिवस मला घास गोड लागला नाही. खोटं कशाला बोलू, मजा यायची. सकाळी चहाच्या आधी मी त्याचं काय आलंय ते बघायचो.

आणि त्याच मजेत मी माती खाल्ली.

येत्या शुक्रवारी सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर गाड्या अडवायचं हुलीकडच्या संघटनेनं जाहीर केलं. हुलीनं ते लगेच माझ्या तोंडावर आणून मारलं. वर विचारलं, तुमच्यात आहे का दम? माझं डोकं सटकलं. मी लिहिलं, ‘मराठी पोरांनो, तुम्हीही पलीकडून रस्ता धरा. एकसुद्धा गाडी सोडू नका. आजारी माणूस सोडून कुणालाही नाही. कुणी पाया पडलं तरी नाही. सीमेचा वाघ.’ तासाभरात ते हजार जणांनी पुढं पाठवलं. मी स्वतःवरच खूश झालो. फेसबुकवरची माणसं रस्तासुद्धा फेसबुकवरच अडवतात, अशी माझी समजूत होती.

पुढं माझं लक्षच राहिलं नाही, कारण रविवारी आमच्या तेजस्वीची सुपारी फुटायची होती. तेजस्वी माझी एकुलती एक. इंजिनियरिंग करून बेळगावात नोकरी करते, आणि साईराज नावाचा कागलपलीकडचा पोरगा तिनंच पसंत केलेला. पोरगा सोन्यासारखा. आईबाप लहानपणीच गेलेले, चुलत्यानं वाढवलेला. घोडं अडलं होतं ते या चुलत्यापाशी. मारुतीराव म्हणजे जुनं खोड. ‘कर्नाटकातली पोरगी कशाला?’ म्हणून सहा महिने अडून बसले होते. शेवटी साईराजनं जेवण सोडलं तेव्हा कसेबसे तयार झाले, पण अट घातली. ‘रविवारी अकरा चाळीसच्या मुहूर्तावर सुपारी फुटली तर फुटली. चुकला तर देवाचाच कौल न्हाय असं समजायचं. मग माझ्याम्होरं विषय काढायचा न्हाय.’

रविवारी दारात मांडव, शिरा तयार, पावणेदहा वाजलेले. साईराजचा फोन आला.

‘‘मामा, आमची गाडी अडवलीया. नाक्याच्या अलीकडं. ही शंभर-दीडशे पोरं हायत. सोडतच न्हाईत.’’

‘‘आंदोलन तर शुक्रवारी होतं!’’

‘‘सुट्टीच्या दिवशी माणूस जास्त येतंय म्हणून रविवारवर ढकललं म्हणं. मी पाया पडलो मामा, तर फोन काढून दावला. म्हणत्यात, पाया पडलं तरी सोडायचं न्हाय असं वाघाचं सांगणं हाय.’’

मागून मारुतीरावांचा आवाज येत होता, ‘‘बघ, मी म्हणत नव्हतो? गाडी वळीव मागं.’’

‘‘वळवू नका,’’ मी ओरडलो. ‘‘आम्ही येतो तिकडं!’’

वाघ कोण, ते मी कुणाला सांगितलं नाही. रस्ता बंद आहे, आपणच जाऊ, एवढंच म्हणालो. गाडीत मी, बायको मंगल, माझा थोरला भाऊ रवळूअण्णा, मंगलचा भाऊ, आणि मागच्या सीटवर मधोमध हिरव्या शालूत तेजस्वी. मंगलच्या मांडीवर सुपारी, पान, हळदकुंकू, खण. भावकीतले बाकीचे दुसऱ्या गाडीनं निघाले. इतर वेळी वीस मिनिटांचा रस्ता, मी बारा मिनिटांत कापला.

आणि नाक्याच्या अर्धा किलोमीटर आधी थांबलो. पुढं ट्रकांची रांग लागली होती. आमच्या बाजूला कन्नडवाले रस्त्यात बसलेले, पलीकडच्या बाजूला मराठीवाले, मध्ये दोन्हीकडं पोलिसांची बॅरिकेडं. दुसरी गाडी तर आमच्याही मागं दोन किलोमीटर अडकली होती. साडेदहा होऊन गेले होते.

मी फोन उघडला. हुली लाइव्ह होता! आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकला, बसलेला, घोगरा. माझ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर माझा वैरी उभा होता. मी लिहिलं, ‘आमची गाडी सोड. मुलीचं काम आहे. अकरा चाळीसची वेळ आहे.’

त्यानं ते मोठ्यानं वाचलं. आधी कन्नडात सांगितलं, मग मला नीट लागावं म्हणून मराठीत. ‘‘सीमेचा वाघ आलंय बघा. गाडी सोड म्हणतंय. अरे, एकसुद्धा गाडी सोडू नका कोण लिहिलं होतं? कुणी पाया पडलं तरी नाही, हे कुणाचं?’’ मागची पोरं खदाखदा हसली.

मी लिहिलं, ‘ते तुला उत्तर म्हणून लिहिलं होतं.’

‘‘मग हे पण उत्तरच की. ये इथं. माझ्या फोनसमोर उभा राहून चुकलं म्हण. मग बघू.’’

आता हा माझ्याकडून आठ महिन्यांचा वचपा काढणार! माझी कानशिलं तापली. ‘तुझ्यासमोर? मेलो तरी नाही’ असं मी अर्धं लिहिलंही होतं, तेवढ्यात मागून आवाज आला.

‘‘आप्पा.’’

मी मागं वळलो. तेजस्वीच्या हातात तिचा फोन होता आणि त्यातूनही तोच घोगरा आवाज येत होता. ती तेच लाइव्ह बघत होती. तिनं माझ्या फोनकडं बघितलं, मग स्वतःच्या.

‘‘वाघ तुम्ही हायसा?’’

मंगलनं आधी माझ्याकडं बघितलं आणि मग कपाळाला हात लावला. ‘‘म्हंजे साईराजास्नी ह्येंनीच अडवलंय? पोरीच्या सोयरिकीला तिच्याच बापानं कुऱ्हाड घातली व्हय?’’

‘‘मला काय ठावं, हे खरंच रस्त्यावर उतरतील म्हणून!’’

तेजस्वी रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला, पर्समध्ये टाकला, दार उघडलं आणि शालूच्या निऱ्या हातात धरून ट्रकांच्या रांगेतून चालू लागली.

‘‘अगं, कुठं निघालीस?’’

‘‘गाड्या अडवल्यात, माणसं न्हाय अडवली,’’ ती मागं न बघता म्हणाली. ‘‘बस बंद झाली की सगळी चालतच जात्यात की हिथनं. मी बी जाते. तुम्ही बसा भांडत.’’

हे तिचं खरं होतं. बस बंद पडल्या की आमच्याकडची माणसं नाक्यापर्यंत एका राज्याच्या बसनं येतात, पिशव्या डोक्यावर घेऊन पलीकडं चालत जातात आणि दुसऱ्या राज्याच्या बसमध्ये बसतात. आम्ही सगळे तिच्यामागं पळालो. मंगलच्या हातात सुपारीची पिशवी, रवळूअण्णाच्या हातात नारळ. ट्रकवाले खिडकीतून बघत होते. एकानं तर हॉर्न वाजवला, वरात समजून.

पण पोरगी चालत गेली तरी साईराजला कोण सोडणार? पलीकडची पोरं वाघाच्या शब्दावर बसली होती, आणि वाघानंच उठवल्याशिवाय ती उठणार नव्हती. चालता चालता ते माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. बाप म्हणून लाज वाटली हो, फार लाज वाटली.

नाक्यावर पोचलो. पहिली नजर गेली ती कन्नडवाल्यांच्या फ्लेक्सवर, कारण तो मीच छापलेला. पलीकडं मराठीवाल्यांचा फडकत होता, तोही माझाच! आणि फ्लेक्सखाली फोन धरून उभा होता तो हुली. जाड भिंगाचा चष्मा, खांद्यावर कन्नड झेंड्याची लाल-पिवळी शाल, अंगानं काडी.

‘‘तूच काय वाघ?’’ माझ्या टकलाकडं बघत त्यानं विचारलं.

‘‘तूच काय हुली?’’ मी म्हणालो. दोघांचीही घोर निराशा झाली.

त्यानं शालूतल्या तेजस्वीकडं बघितलं. तिच्या मागं पिशवी छातीशी धरून मंगल धापा टाकत होती. त्याचा चेहरा बदलला. ‘‘पोरीची सुपारी हाय म्हणून लिहायचं न्हाय काय? मुलीचं काम म्हटलास. मला वाटलं परीक्षा-बिरीक्षा.’’

‘‘फोन धर माझ्याकडं,’’ मी म्हणालो.

‘‘आता राहू दे की.’’

‘‘धर म्हणतो न्हवं! तिकडची पोरं तुझं लाइव्ह बघायला लागल्यात. त्यास्नी ऐकू जाऊ दे.’’

त्यानं फोन धरला. बघणारे चार हजार होते. आठ महिन्यांत एकदाही माघार न घेतलेला माणूस मी. मग तेजस्वीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या दिसल्या आणि बोललो.

‘‘मी भावकू. निपाणीत माझं फ्लेक्सचं दुकान हाय. सीमेचा वाघ म्हणून लिवतो तो मीच. सीमेचं जे बोललो ते मागं घेत न्हाय, ते माझं म्हणणं हायच. पर एकसुद्धा गाडी सोडू नका म्हणून लिवलं, ते चुकलं. लई चुकलं. पलीकडं तुमी अडवलेल्या गाडीत माझ्या पोरीची सोयरीक बसलीया. मी पाया पडतो तुमच्या. सोडा त्यास्नी.’’

मग पलीकडच्या गर्दीत गलका उठला. कुणी तरी ओरडलं, ‘‘आरं, ह्यो तर फ्लेक्सवाला!’’ कुणी तरी शिवी हासडली, ती मला पोचली, पोचायलाच हवी होती. पण गर्दी दुभंगली. त्यातून डोक्यावर फेटा, हातात सुटकेस असा साईराज पळत येताना दिसला, आणि त्याच्या मागं काठी टेकत, कपाळाला आठ्या घालून मारुतीराव आणि त्यांची चार माणसं.

अकरा चोवीस.

फौजदार पुढं आला. ‘‘काय चाललंय? दोन्हीकडची पब्लिक मध्ये सोडता येणार नाही.’’

हुली त्याच्याशी कन्नडात भडाभडा बोलला. फौजदारानं घड्याळ बघितलं, शालू बघितला. ‘‘पंधरा मिनिटं,’’ तो म्हणाला. ‘‘दोन्ही बॅरिकेडच्या मधल्या जागेत. आणि घोषणा एक झाली तर सगळ्यांना आत घेणार.’’

डांबर तापलेलं, बसायचं कशावर? पलीकडच्या पोरांनीच त्यांचा फ्लेक्स सोडून आणला. ते बघून इकडच्यांनीही आपला सोडला. आणि तिथंही भांडण! पोरं म्हणाली, अक्षरं वर करून अंथरा. हुली म्हणाला, अक्षरावर कोण बसतंय, पाप लागतंय. उलटा घाल म्हटलं तर रवळूअण्णा म्हणाले, मग अक्षरं डांबराला लागत्यात. शेवटी तेजस्वीनं दोन्ही फ्लेक्स घेतले, अक्षरं आत राहतील अशी घडी घातली आणि पांढरी पाठ वर करून शेजारी शेजारी अंथरले. ‘‘बसा आता,’’ ती म्हणाली. अकरा एकतीस.

मारुतीराव मांडी घालून बसले. ‘‘आमची पाच माणसं हायत. तुमची?’’

आमच्याकडं सुपारी फुटायची तर मुलाकडची पाच आणि मुलीकडची पाच माणसं साक्षीला लागतात. एकेकाला पान द्यायचं, मगच अडकित्ता लावायचा. आणि ती भावकीतली नाहीतर सोयऱ्यातलीच पाहिजेत, वाटेवरचा माणूस चालत नाही. आमची भावकी दोन किलोमीटर मागं ट्रकांत अडकलेली.

‘‘मी, रवळूअण्णा, मेव्हणा,’’ मी मोजलं. तीनच.

‘‘आन् मी,’’ मंगल पदर खोचून बसली.

‘‘बाई?’’ मारुतीराव म्हणाले.

‘‘पाच माणसं लागत्यात म्हटलासा न्हवं? मी माणूस न्हाय व्हय?’’

मारुतीरावांनी चौथं बोट मुडपलं. ‘‘चार झाली. पाचवा कोण?’’

अकरा पस्तीस. मी वळून आमच्या रस्त्याकडं बघितलं. भावकीचा पत्ता नव्हता. साईराजच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तेजस्वीनं माझ्याकडं बघितलं, रागानं नव्हे, आता तिला फक्त भीती वाटत होती. मी उठलो, बॅरिकेडजवळ गेलो आणि हुलीचं मनगट धरलं.

‘‘चल.’’

‘‘मी? याके?’’

‘‘का ते नंतर विचार. चल!’’

त्यानं एकदा आपल्या माणसांकडं बघितलं. मग लाइव्ह बंद केलं. ‘‘हे दाखवायचं नसतंय,’’ तो पुटपुटला, ‘‘दृष्ट लागती,’’ आणि चपला काढून फ्लेक्सवर माझ्या शेजारी बसला. शाल तशीच खांद्यावर, लाल-पिवळी.

मारुतीरावांनी त्याला वरून खाली न्याहाळलं. ‘‘हे कोण म्हणायचं?’’

खरं सांगितलं तर वाटेवरचा माणूस. खोटं सांगितलं तर कोणतं खोटं? माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘भावकीतलं.’’

‘‘नाव काय?’’

आठ महिन्यांत मी त्याला नाव विचारलं नव्हतं!

‘‘नागेंद्र,’’ तो आपणहून म्हणाला.

‘‘भावकीतलं हाय, तर तुमच्या माणसांत सोडून तिकडं कसं हुतं?’’

मी नागेंद्रकडं बघितलं. नागेंद्रनं चष्मा नीट केला. ‘‘आमचं भांडण हाय,’’ तो शांतपणे म्हणाला. ‘‘बांधावरनं. आज्जाच्या काळापास्नं चाललंय.’’

मारुतीरावांच्या आठ्या हळूहळू सैल झाल्या. माणूस शेतकरी, जन्म बांधावर गेलेला. ‘‘असतंय,’’ ते म्हणाले. ‘‘भावकी म्हटलं की बांधाचं असतंयच. माझं बी हाय, तीस वर्सं झाली. बोलणं बंद हाय का तुमचं?’’

‘‘बंद कुठलं!’’ मी म्हणालो. ‘‘रोज बोलतोय.’’

‘‘रोज?’’

‘‘रोज,’’ नागेंद्र म्हणाला. ‘‘सकाळी चहाच्या आधी.’’

मारुतीरावांनी आळीपाळीनं आमच्या दोघांकडं बघितलं. खरं काय ते त्यांनी ओळखलं का नाही, मला आजही सांगता येणार नाही. ‘‘मग चांगलंय,’’ ते म्हणाले. ‘‘माझं तीस वर्सं बंदच हाय. द्या पाचवं पान.’’

मी पान दिलं. नागेंद्रनं दोन्ही हातांनी घेतलं. रवळूअण्णांनी अडकित्ता दाबला, कट्ट वाजलं, अकरा एकोणचाळीस! मंगल हुंदका देऊन हसली, साईराजनं फेटा काढून तोंड पुसलं, आणि दोन्ही बॅरिकेडांकडून टाळ्या पडल्या. टाळी काही घोषणा नव्हे, म्हणून फौजदारही गप्प बसला.

तेजस्वीनं मला माफ केलं, पण शिक्षा देऊन. फोन आठ दिवस मिळणार नाही! मी दुकानात नुसतं मशीनकडं बघत बसायचो. बोटांना खाज सुटायची. तिकडं काय लिहीत असेल तो, उत्तर दिलं नाही म्हणून जिंकलो समजत असेल, या विचारानं जीव कासावीस व्हायचा.

नवव्या दिवशी तिनं काउंटरवर दोन गोष्टी ठेवल्या. एक फोन आणि एक लग्नपत्रिकेचा नमुना. मी आधी फोनवर झडप घातली.

हुलीचे अकरा निरोप होते, सगळे कन्नडात. पहिला, ‘वाघा, चूक कबूल केलीस, आता कुंद्याचंही कबूल कर.’ दुसरा त्याहून खवचट. तिसरा, ‘घाबरलास?’ मग एक दिवस काही नाही. मग, ‘उत्तर दे.’ मग, ‘अरे, उत्तर दे की.’ मग, ‘माझ्या बोलण्याचा राग आला असेल तर सांग.’ आणि आज सकाळी, चहाच्या आधी, शेवटचा, ‘तब्येत बरी आहे ना? निपाणीत येऊन दुकान शोधू काय?’

मला एकदम भरून आलं. काउंटरवर पोरीसमोर रडायला नको म्हणून पत्रिका उचलली. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. ‘आपले नम्र’च्या खाली रवळूअण्णांपासून आमच्या भावकीची नावं, आणि पाचवं नाव नागेंद्र.

‘‘ठेवू का काढू?’’ तेजस्वीनं विचारलं.

‘‘ठेव,’’ मी म्हणालो. ‘‘पर मराठी बाजू वर पायजे.’’

दोन्ही बाजूंचे फोटो काढून मी त्याला पाठवले. मिनिट झालं नसेल, उत्तर आलं, ‘कन्नड वर पाहिजे.’ मी स्टूल पुढं ओढलं, चष्मा लावला आणि लिहायला बसलो.